डॉक्टरांकडे वळताना

रविवार, ९ मार्च

डॉक्टर आले! स्वतःच्या पायांनी जिना चढून आले!

हिवाळाभर त्यांचे दोन्ही कोंगे — हातांनी वाजवायचे ते उंच ढोल — तालमीच्या खोलीत चादरीखाली झाकून पडले होते. खाली लाँड्री, आणि लोकांनी न नेलेले कपडेही आमच्याच कोपऱ्यात ठेवतात, त्यामुळे नवख्याला वाटावं की हे दोन लठ्ठ गृहस्थही इस्त्रीलाच आलेत. आज बाईंनी चादर ओढली. डॉक्टर स्टुलावर टेकले, डाव्या हाताची बोटं एकेक करून हलवून पाहिली — जन्मभर लोकांचे दात हलवून पाहिले, सवय जाते थोडीच — आणि म्हणाले, "झटका मेंदूला आला होता. कानाला नाही. चला."

बाईंनी पियानोवर सुरुवात करून दिली. मग बास, मग माझ्या काठ्या, आणि मग — तो कोंग्यांचा आवाज. ओल्या मातीवर कुणी अनवाणी चालत यावं तसा. ट्राँबोनवाल्याने फुंकायच्या जागी चक्क डोळे पुसले. त्याच्यावर चिडावं तर माझेही पुसायचे राहिले होते. दोन्ही हातांत काठ्या, पुसणार कशाने?

तीस वर्षं होतील आता. जहाजावरच्या बँडमधला एक म्हातारा वादक बंदरात उतरला, परत बोटीवर चढलाच नाही, आणि त्याने आम्हा हौशी लोकांना हे दूरदेशीचं संगीत शिकवलं — लॅटिन जॅझ. आमच्यात गणिताच्या बाई, दाताचे डॉक्टर, लिफ्ट दुरुस्त करणारा माझा मेहुणा, एक पोस्टमन. म्हातारा गेला, बँड राहिला. दर रविवारी सकाळी, लाँड्री बंद असते तेव्हा. ह्या खोलीने मला काय काय दिलंय, ते लिहायला बसलो तर बातम्या कोण लिहील?

एक गोष्ट मात्र लिहून टाकतो. दुसरीकडे कुठे लिहिणार! तिसऱ्या गाण्यात मधल्या तोडीनंतर डॉक्टर ठेक्यात उलटे पडले. चार-पाच ओळी तसेच. मग आले जागेवर. बाईंनी लगेच चौथं गाणं काढलं.

सोमवार, १० मार्च

नगरपालिकेत गटारांवर सभा. दोन सभासद एकमेकांना खोटारडे म्हणाले, दोघांचंही बरोबर होतं. बातमी दिली.

डोक्यात मात्र कालचंच. 'उलटे पडले' म्हणजे काय, हे हिला काल समजावून सांगायचा प्रयत्न केला. ही म्हणाली, "पाच टकटकींसाठी एवढा चेहरा पाडायचा?" बरोबर आहे. माझं वाद्य म्हणजे लाकडाच्या दोन गोल काठ्या. एकीवर दुसरी मारायची. पाच ठोके: एका चरणात तीन, दुसऱ्या चरणात दोन, मग पुन्हा तीन, पुन्हा दोन. गाणं संपेपर्यंत एवढंच. मेहुणा सगळ्यांना सांगत फिरतो की भावोजींना यापेक्षा अवघड काही दिलं नाही, कारण बँडला जगायचं होतं.

पण बाकी सगळ्यांचं वाजवणं ह्या पाच ठोक्यांना टांगलेलं असतं. तीनच्या जागी कुणी दोनचं वाजवलं की सूर बरोबर, वेग बरोबर, आणि तरी सगळं वाकडं. शाळेत आमचे शास्त्रीबुवा वृत्त म्हणताना यती चुकली की डोळे मिटून घेत. तसं होतं. पाय मोजून बरोबर, पण श्वास भलत्या ठिकाणी तुटलेला. म्हातारा ह्याला म्हणायचा, "घर उलटं बांधलं. आता दारातून धूर आणि धुराड्यातून पाहुणे."

म्हणून काठ्यांवर मी. पाठांतराचा माणूस! मी ह्या बँडमधलं अव्यय आहे. लिंग, वचन, विभक्ती — कशानेही न बदलणारं. डॉक्टर आणि मी दोघं मिळून जमीन. बाकीच्यांनी वर खुशाल नाचावं. आणि डॉक्टरच जर हलले...

एकदा, फार पूर्वी, जुन्या ट्रंपेटवाल्याचे ओठ गेले, फुंक टिकेना, तेव्हा डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मी उलटा पडायला लागलो आणि मला कळेनासं झालं, तर तोंडावर सांगायचं. मी कोंगे उचलीन आणि जाईन." ते वाक्य आम्ही कुणी विसरलेलो नाही. हाच तर घोळ आहे.

बुधवार, १२ मार्च

बाईंच्या शाळेत गेलो. त्या आमच्या प्रमुख, निर्णय त्यांचा. वर्गात कुणी नव्हतं, फळ्यावर अर्धवट पुसलेलं वर्तुळ. सांगितलं सगळं.

बाई बराच वेळ हातावरचा खडू झटकत राहिल्या. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"पंडित," त्या म्हणाल्या (संस्कृत शिकलो ह्याची शिक्षा मला इथेही भोगावी लागते), "तुम्हाला नक्की डॉक्टरच वाटले?"

"बाई, मी काठ्या वाजवतो. मला नाही कळणार तर कुणाला कळेल?"

"हं," बाई म्हणाल्या. मग खिडकीकडे गेल्या. पाच एप्रिलला आमचा तिसाव्या वर्षाचा कार्यक्रम आहे, नगरभवनात. हिवाळ्यात डॉक्टरांच्या जागी स्वतःचे कोंगे घेऊन यायचा तो बदली वादक त्या दिवशी मोकळा आहे. त्याला येत्या पंधरवड्यात हो किंवा नाही कळवायचंय. मी ते बोलून दाखवलं. बोलताना स्वतःचाच राग आला.

"तुम्हीच जा डॉक्टरांकडे," बाई शेवटी म्हणाल्या. "तुम्ही बोला. तुम्ही बोललात तर... बरं होईल."

तीस वर्षांत बाईंनी अर्धवट वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनाही किती लागलंय!

रविवार, १६ मार्च

पुन्हा तेच. तोडीत सगळे थांबतात, एक क्षण निव्वळ शांतता, आणि मग सगळ्यांनी एकदम आत शिरायचं. शिरलो. पियानो, बास, फुंकणारी मंडळी — सगळी माझ्यासोबत, आणि बिचारे डॉक्टर एकटे पलीकडच्या काठावर! डावा हात ओढत ओढत आले कसेबसे आमच्याकडे. कपाळावर घाम. मेहुणा छताकडे बघत होता. पोस्टमन स्वतःच्या बाँगोकडे असा बघत होता जणू त्यावर पत्ता लिहिलाय.

जिन्यात डॉक्टरांना आधार द्यायला गेलो, तर म्हणाले, "हात सोड. मी पडलो तर तू खाली सापडशील, आणि तुझ्या वहिनीला दोघांना पोसावं लागेल."

इतके जिवंत! आणि ह्या माणसाला मी सांगू की जा?

मंगळवार, १८ मार्च

जाऊन आलो. जे सांगायला गेलो ते सांगितलं नाही, आणि तरी काम झालं. कसं झालं ते नीट लिहून ठेवतो.

डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा दात तपासायची खुर्ची घरी आणली. बैठकीच्या खोलीत खिडकीशी ती मांडलेली. त्यातच ते पेपर वाचतात, त्यातच झोपतात. पाहुण्याला बसायला साधा वेताचा मोडा. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही आलात ते बरं झालं. तुमच्याशी तरी नीट बोलतात, माझ्याशी नुसता 'आ' करतात." मग स्वयंपाकघराच्या दारात माझ्या कानाशी म्हणाल्या, "इस्पितळात उठवून बसवलं तेव्हा पहिला प्रश्न काय विचारला माहितेय? आज वार कुठला. रविवार गेला की यायचाय." आणि चहाला गेल्या. झालं! तोंडातलं वाक्य तिथेच विरघळलं.

डॉक्टर रबराचा चेंडू दाबत बसले होते. मी हवापाण्याचं बोललो. गटारांचं बोललो. ते म्हणाले, "पंडित, तू वार्ताहर आहेस. मथळा आधी दे."

मी म्हणालो, "डॉक्टर, समजा... आपल्यातला एखादा उलटा पडत असेल. आणि त्याचं त्याला कळतच नसेल. म्हणजे त्याला वाटत असेल आपण बरोबर आहोत. तर काय करायचं?"

चेंडू थांबला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मी आपोआप तोंड उघडणार होतो, दात दाखवायला.

"तू हे विचारायला आलास?"

"हो."

"मुद्दाम?"

"हो. फार दिवस मनात होतं असं नाही, पण... आता कळलंय तर गप्प बसवेना."

त्यांचे डोळे भरले! मी तर मोड्यातच बारीक झालो. त्यांना कळलं होतं. मी एक शब्द न बोलता त्यांना कळलं होतं की कुणाबद्दल चाललंय.

"तुम्हीच एकदा म्हणाला होतात," मी चाचरत म्हणालो, "की तोंडावर सांगायचं आणि त्याने उठून जायचं."

"तेव्हा माझे सगळे दात माझे होते," डॉक्टर म्हणाले. "माणूस काहीही बोलतो. उठून कशाला जायचं? आणि जाऊन बसायचं कुठे? हे बघ. एक उलटा पडला तर बाकीच्यांनी वळायचं. अर्धी ओळ सोडायची आणि तो जिथे आहे तिथे जायचं. सगळे तिथे गेले की तो बरोबर. लोकांना काय कळतंय? त्यांना घर उभं दिसल्याशी कारण."

"सगळ्यांनी एकासाठी वळायचं?"

"मग काय एकाला सगळ्यांमागे पळवायचं? ह्या वयात?"

आणि त्यांनी तो डावा हात — अजून थंडच असतो — माझ्या हातावर ठेवला. "पंडित," म्हणाले, "आलास, बरं केलंस." वहिनी चहा घेऊन आल्या तर आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत होतो, आणि बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

स्वतःवरचा निर्णय स्वतःच सुचवला! रागाचा लवलेश नाही. धीरोदात्त हा शब्द पुस्तकात फार वाचला होता, आज खुर्चीत बसलेला पाहिला.

गुरुवार, २० मार्च

बाईंना सगळी योजना सांगितली. डॉक्टर उलटे पडले की मी काठ्या हनुवटीपर्यंत वर उचलीन. अर्धी ओळ सगळे गप्प. मग डॉक्टर असतील त्या बाजूने आत शिरायचं. नियम एकच: कान डॉक्टरांकडे, माझ्याकडे नाही.

बाईंनी अगदी लक्ष देऊन ऐकलं. "तुमच्याकडे नाही, डॉक्टरांकडे," त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. "आणि तुम्हीसुद्धा डॉक्टरांकडेच वळणार?"

"मी तर सर्वांत आधी!"

"पंडित," बाई म्हणाल्या, "फारच चांगली कल्पना आहे." आणि बदली वादकाला माझ्यासमोर नको म्हणून कळवलं. बाई हसताना इतक्या तरुण दिसतात हे मला ठाऊक नव्हतं.

रविवार, २३ मार्च

डॉक्टरांना मुद्दाम विश्रांती दिली आणि वळायची तालीम केली. पोस्टमनने डॉक्टरांचं सोंग घ्यायचं, म्हणजे मुद्दाम उलटं वाजवायचं, असं ठरलं. आधी मी सगळं नीट समजावलं. खडूने भिंतीवर चरण काढले, यतीच्या जागा दाखवल्या. म्हटलं, घाबरू नका, पहिल्या दिवशी कुणालाच जमणार नाही. तीस वर्षांची सवय मोडायची म्हणजे हाडं मोडण्यासारखंच आहे.

पहिल्याच फटक्यात जमलं! सगळ्यांना! काठ्या वर, अर्धी ओळ शांतता, आणि अख्खा बँड एखाद्या बोटीसारखा वळला. एकही भांडं वाजलं नाही. मी थक्क. पुन्हा केलं — पुन्हा तसंच. अडखळलो तो फक्त मीच, एकदा. समजावण्यात गुंतलो होतो.

"काय शिकवलंत हो, भावोजी!" मेहुणा म्हणाला, आणि त्याला खोकल्याची अशी उबळ आली की बास आडवा ठेवून खिडकीशी जावं लागलं. लाँड्रीच्या साबणाचा वास बाधतो त्याला. ट्रंपेटवाला म्हणाला, "पंडित, हे आम्ही झोपेतसुद्धा करू." उत्साह पहा! डॉक्टरांवर काय जीव आहे ह्यांचा!

मी फार चांगला शिक्षक झालो असतो असं हिला म्हणालो. ही म्हणाली, "कुणी सांगितलं?" म्हटलं, अनुभवाने. ही तिच्या भावाला फोन करायला आत गेली. बराच वेळ हसण्याचे आवाज.

शनिवार, २९ मार्च

सर्दी. नगरपालिका, पाणी, सर्दी. उद्या तालीम आहे म्हणून हे सगळं सहन होतं.

रविवार, ३० मार्च

डॉक्टर आले होते. फक्त एकदा उलटे पडले. मी काठ्या उचलल्या, वळलो. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून मान हलवली, शाबास म्हणावं तशी. मला शाबासकी! त्यांच्या जागी मी असतो तर जमिनीत गेलो असतो. ते मात्र मजेत.

शनिवार, ५ एप्रिल

संध्याकाळी कार्यक्रम. शर्ट इस्त्रीला खाली दिला होता, चुकून आमच्याच तालमीच्या कोपऱ्यात येऊन पडला. शोधण्यात सकाळ गेली. काठ्या तीनदा पुसून ठेवल्या. पाच ठोक्यांसाठी!

रविवार, ६ एप्रिल

काय लिहू!

नगरभवनाचं तेच सभागृह. ज्या मंचावर सभासद एकमेकांचं गोत्र काढतात, त्याच मंचावर आम्ही. मी आयुष्यभर खालच्या वार्ताहरांच्या बाकावरून तो मंच पाहिला; वरून खाली बघताना पहिल्यांदा कळलं की सभासद इतकं का बोलतात. माणसंच माणसं! पहिल्या रांगेत ही, वहिनी, आणि डॉक्टरांचे जुने पेशंट. टाळ्या वाजवताना मोठ्याने हसत होते सगळे. दात चांगले राहिलेत.

कोंगे मी आणि पोस्टमनने उचलून आणले. डॉक्टरांनी ते हाताने ठाकठीक केले, स्टूल अर्धी वीत पुढे, पुन्हा अर्धी वीत मागे. बाईंनी मागे वळून प्रत्येकाकडे पाहिलं. माझ्यावर नजर जरा जास्त थांबली, असं वाटलं. काठ्या माझ्या हातात होत्या, सुरुवात मीच करायची होती.

पहिली तीन गाणी म्हणजे उतारावरची सायकल. चौथ्यात तोड. सगळे थांबलो. ती शांतता — हजार माणसं श्वास धरून. आत शिरलो, आणि कान टवकारले. तेच! डॉक्टर उलटे!

काठ्या उचलणार, एवढ्यात लक्षात आलं: माझ्या खुणेची कुणी वाटच पाहिली नव्हती. मी काठ्या वर न्यायच्या आत पियानो डॉक्टरांकडे, बास डॉक्टरांकडे, फुंकणारे सगळे डॉक्टरांकडे. काय ती चपळाई! काय ते प्रेम! अख्ख्या मंचावर मीच काय तो एकटा पलीकडच्या काठावर राहिलो होतो. अर्धी ओळ गप्प बसलो. उडी मारली. आणि पाय असा जमिनीवर टेकला की काय सांगू. सगळं एकदम जागेवर — दार दाराच्या ठिकाणी, धुराडं धुराड्याच्या ठिकाणी. डॉक्टरांचा तो दुखरा डावा हात सुटला, आणि त्यांनी जे काही वाजवलं ते तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. लोक उभे राहिले. बाई पियानोवर हसत होत्या. मेहुणा माझ्याकडे बघून ओरडला, "भावोजी, शाब्बास!" मी ओरडलो, "मला काय म्हणतोस, डॉक्टरांना म्हण!"

पुढे आणखी दोनदा झालं. दोन्हीदा तसंच वळलो.

नंतर मंचामागे डॉक्टर खुर्चीत बसलेले, सदरा भिजलेला, वहिनी रुमालाने त्यांची मान पुसताहेत. मी समोर उकिडवा बसलो. बोलायचं बरंच होतं, पण शब्दांचा धंदा करणाऱ्याला ऐनवेळी शब्द उधार मिळत नाहीत. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या रविवारी येतोयस ना?" म्हटलं, "तुम्ही येताय ना?" म्हणाले, "मी कुठे जातोय!"

एवढंच हवं होतं. हे ज्याने कुणी दिलं — बोटीवरचा म्हातारा, बाई, लाँड्रीवाला, देव असल्यास देव — त्याचे आभार. एका माणसासाठी सगळ्यांनी वळावं, आणि त्याला त्याचं ओझं वाटू नये, असं घर मला मिळालं. मी त्याची एक वीट आहे.

मंगळवार, ८ एप्रिल

डॉक्टर सकाळी घरी आले. जिना चढून, एकटे. चहा घेता घेता म्हणाले, "पंडित, तुला एकदा सांगायचं होतं. तोडीनंतर तू उलटा शिरतोस हे आम्हाला कितीतरी वर्षं ठाऊक होतं. आम्ही आपले तुझ्याकडे वळायचो. तुला सांगायची कुणाची हिंमत होईना. आजारापासून माझा हात तितका चटकन वळेना, म्हणून खटकलं असणार तुला. पण त्या दिवशी तू आपणहून आलास, स्वतःबद्दल तोंडावर विचारलंस... मी तुझ्या वहिनीला म्हटलं, ह्याला छाती लागते."

मी त्यांच्या कपात पुन्हा साखर घातली. ढवळली.

"छाती कसली, डॉक्टर," म्हणालो. इतकं तंतोतंत खरं मी आयुष्यात फारसं बोललेलो नाही.